गाणं लेबलला द्यावं की आपलं आपण सोडावं?

सुरपेटी:
गणपतीचं गाणं एका म्युझिक लेबलला पाठवलं होतं. तीन महिन्यांनी उत्तर आलं: गाणं आवडलं, चॅनेलवर टाकू, पंधरा हजार भरा, व्हिडिओ तुम्हीच काढून द्या, मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग आणि त्याचे हक्क, मात्र आमचं. रेकॉर्डिंगला माझे अडतीस हजार आधीच गेलेत. ढोलकी, ताशा खरे वाजवून घेतले, कोरसला चार जण उभे केले. शिधा माझा, स्वयंपाक माझा आणि वर पंगतीत बसायचे पैसेही मीच द्यायचे? माझं मत पक्कं झालंय, लेबलच्या दारात जाऊच नये. डिस्ट्रिब्युटरकडून, म्हणजे गाणी ॲप्सवर पोहोचवणाऱ्या कंपनीकडून, स्पॉटिफायला, इन्स्टाच्या ऑडिओत गाणं लागतं आणि हक्क आपल्याकडे राहतात.

खाडीपलीकडचा:
दादा, लागतं खरं, पण ऐकतं कोण? मी उरणचा. पहिलं हळदीचं गाणं स्वतःच्या चॅनेलवर टाकलं, सबस्क्रायबर ३१२, त्यात निम्मे नातेवाईक. दुसरं लेबलला दिलं. एक रुपया मिळाला नाही, खोटं कशाला बोलू. पण डीजेवाले त्या चॅनेलवरूनच गाणी उचलतात. त्या सीझनला सतरा हळदींच्या सुपाऱ्या आल्या. मास्टर उशाशी घेऊन झोपलो असतो तर आल्या असत्या का?

कलमवाली:
सुपाऱ्या मिळाल्या, छान. पण सही करण्याआधी कागद वाचला होतात का? कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा करारात लिहूनही सोडता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. म्हणून आधी आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीचं, सभासद व्हा. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. म्हणूनच लेबलवाले ‘कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत’ असं ठासून लिहितात.

सुरपेटी:
ताई, कायदा बरोबर आहे हो. पण वाटा मागायला वकील लावायचा, तर गाण्याच्या कमाईत त्याचा चहासुद्धा निघणार नाही.

कलमवाली:
म्हणून तर सोसायटी! वसुली तिनं करायची. कमाई फुटकळ असते हे मात्र मान्य.

कान_गहाण:
मी दोन वर्षं एका लेबलसाठी आलेली गाणी ऐकायचं काम केलंय, म्हणून दुसरी बाजू सांगतो. दिवसाला साठ-सत्तर गाणी. कुणी व्हॉट्सॲपवर तुकडा पाठवतो, कुणी एवढी मोठी वेव्ह फाइल मेलला जोडतो की मेलच परत जातो. गणपतीची गाणी श्रावणात येतात, तोवर आमची शूटिंगं उरकलेली असतात. पाऊण मिनिट नुसता शंखनाद, मग बासरी. तोवर मी पुढच्या गाण्यावर गेलेला असतो. एक लिंक, चार ओळींची ओळख, मुखडा पहिल्या तीस सेकंदांत, एवढं करणारे फार थोडे. सुरपेटी, तुम्ही निदान वेळेत पाठवलंत.
आणि पैसे मागणाऱ्याला लेबल म्हणू नका. तो चॅनेल भाड्यानं देतोय.

खाडीपलीकडचा:
भाड्यानं का होईना, गर्दीच्या नाक्यावरचा गाळा आहे ना!

कान_गहाण:
भाडं भरून गाळ्यातला मालही मालकाचाच? आणि एक, डिस्ट्रिब्युटरनं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे कुणाचं गाणं कुठे वापरलंय ते ओळखणाऱ्या यंत्रणेत, गाणं घातलं असेल आणि नंतर तेच लेबलला दिलं, तर दोघांचे दावे एकमेकांवर आदळतात. आधी तिथून काढून घ्या.

सुरपेटी:
बरं. पंधरा हजार देणार नाही, हे नक्की. पण मास्टर माझ्याकडे ठेवून तीन वर्षांचं लायसन्स देतो, असं लिहून पाठवलं तर?

कान_गहाण:
पाठवा. बहुतेक उत्तर येणार नाही. आलं तर इथे टाका, मलाही बघायचंय.

खाडीपलीकडचा:
तोवर गणपती विसर्जनाला निघतील, दादा.