फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतली सायकलिंग: तुमचे अनुभव टाका

पंक्चरपुराण
आज एक वाजून पाच मिनिटांनी बाकरवडी घ्यायला गेलो तर शटर अर्धं खाली. आतल्या काकांनी नुसतं "चारनंतर" म्हटलं आणि उरलेलंही ओढलं. चिडायच्या ऐवजी मला हसूच फुटलं, कारण थेट बर्गंडी आठवली.

कामासाठी ल्योंला होतो तेव्हा सुट्टीला लोकल ट्रेनमध्ये सायकल टाकून शालोंला उतरायचो, तिथून जिव्री आणि मग जिव्री ते क्लुनी. जुने रूळ उखडून त्याच पट्ट्यावर डांबरी रस्ता केलाय, साधारण ४४ किमी, १९९७ पासून आहे आणि त्या देशातला असा पहिलाच म्हणतात. आगगाडीसाठी आखलेली वाट त्यामुळे चढ नावालाच, गाड्या नाहीत, एकीकडे द्राक्षमळे, दुसरीकडे पांढऱ्याशुभ्र धिप्पाड शारोले गाई, मधे मधे जुनी स्टेशनं. मला कंटाळा आला की मी मुद्दाम वाट सोडून डी-रोडवर घुसायचो, म्हणजे जिल्हा मार्ग, त्यांचे किलोमीटरचे दगड पिवळ्या डोक्याचे असतात, तेवढं लक्षात ठेवलं तरी हायवेला लागत नाही माणूस. कागदी मिशलँ नकाशावर ज्या रस्त्याच्या कडेला हिरवी रेघ तो बघण्यासारखा. मी आयुष्यात कुठल्या ॲपवर इतका विश्वास ठेवला नाही जेवढा त्या हिरव्या रेघेवर.

पण बारा वाजले की गाव ठप्प! बेकरी बंद, किराणा बंद, पोस्ट बंद, चर्चची घंटा तेवढी चालू. सोमवारी तर नावच नको. साडेअकराला पाव आणि चीज पाठीला लावलेलं नसेल तर पुढचे दोन तास उपास. तुम्हीपण लिहा, कुठला भाग, काय खाल्लं, कुठे फाटली.

सिंहगड_सिंगलगियर
पहिला!! 😄 पाणी संपलं तर कब्रस्तान गाठायचं, हे कुणीतरी लिहा आधी. प्रत्येक गावात असतं आणि आत फुलांना घालायला नळ असतोच. "ओ नों पोताब्ल" (पिण्याचं पाणी नाही) लिहिलं असेल तर पिऊ नका, बाकी मी कैक बाटल्या भरल्यात. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली आधी आंघोळ कर मग बोल.

रानवारा
आई 😂😂😂

धायरीचा_धुमकेतू
आमचं गणित वेगळं, आम्ही पॅरिस-ब्रेस्त-पॅरिसवाले. २०१९. १२०० किमी, ९० तास, चार वर्षांतून एकदा. पॅरिसजवळच्या रांबुईयेहून निघालो, जाताना ब्रेस्तपर्यंत वारा तोंडावर आणि ऑगस्ट असून रात्री असली थंडी की आम्ही पुण्या-नाशकाकडची पोरं, २००, ३००, ४००, ६०० किमीच्या पात्रता राइड सगळ्या उन्हात भाजून क्वालिफाय झालेली, पहाटे बसस्टॉपच्या शेडमध्ये चंदेरी इमर्जन्सी ब्लँकेट गुंडाळून कुडकुडत पडलेलो. आपल्याकडचे बरेच जण त्याच थंडीवाऱ्यात बाद झाले. घाट म्हणाल तर एकही मोठा नाही पण ब्रिटनीत सपाट असं काही नसतंच, उतरलं की चढ, उतरलं की चढ, कंबर तिथे मोडते.

आणि गाववाले! रात्री अडीचला घरासमोर टेबल मांडून कॉफी, केक, क्रेप घेऊन बसलेले आजी-आजोबा. पैसे द्यायला गेलो तर नाही म्हणतात, म्हणतात तुझ्या गावाहून एक पोस्टकार्ड पाठव. व्हिलेन-ला-जुएलला तर पूर्ण गाव रस्त्यावर, माईकवरून स्वागत, शाळकरी पोरं तुमचा जेवणाचा ट्रे टेबलापर्यंत आणून देतात. त्या पोरांपुढे रडलो मी, झोप नव्हती म्हणून असेल.

मनुताई
@धुमकेतू पूर्ण झाली का राइड ते तर सांगा!

धायरीचा_धुमकेतू
झाली ताई. शेवटी तळहात बधिर झालेले, परत आल्यावर बरेच दिवस शर्टाचं बटण बायको लावत होती.

गोडबोल्या
मी सायकल चालवत नाही पण पॅरिस-ब्रेस्त खाल्लंय, चालेल का? त्याच शर्यतीवरून १९१० मध्ये एका हलवायाने काढलेली मिठाई, सायकलच्या चाकासारखी गोल, आत हेझलनटचं क्रीम. एका बैठकीत फिनिश. टाइम लिमिटच्या आत.

मनुताई
तुमचं मेडल पोटावर दिसत असेल.

सरूआजी
मी ६६ वर्षांची आहे आणि टायपिंग हळू आहे तरी लिहिते. मुलगा तुलूजला. त्याने मला बॅटरीवाली सायकल भाड्याने काढून दिली आणि कनाल द्यु मिदी या जुन्या कालव्याच्या काठाने सोडलं. तुलूजच्या बाजूला जवळजवळ ५० किमी छान डांबरी आहे, त्याच्यापुढे माती आणि झाडांची मुळं, तिकडे माझ्यासारखीने जाऊ नये, हाडं खिळखिळी होतात. १६८१ मध्ये झालेला कालवा, ज्याने बांधला तो रिके नावाचा गृहस्थ पूर्ण व्हायच्या काही महिने आधीच गेला बिचारा, पदरचा पैसा घातला होता त्याने. मला फार हळहळ वाटली. काठाला चिनारासारखी मोठी झाडं, एकूण ४२ हजार होती, त्यांना बुरशीचा रोग लागलाय, २००६ ला कालव्यावर सापडला आणि तेव्हापासून तोडून जाळतायत कारण औषधच नाही. महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी पेट्यांतून ही बुरशी आली म्हणतात. एका वळणापर्यंत गार सावली आणि पुढे एकदम उघडं बोडकं, नवी रोपं लावलेली, काठीएवढी. लॉकवर (दारं लावून पाणी भरतात तिथे) बोट वर चढताना बघायला मी इतका वेळ थांबले की मुलाचे सात मिस्ड कॉल.

रानवारा
आजी दंडवत घ्या _/\_ आमचे बाबा ६६ ला लिफ्टशिवाय दूध आणायला जात नाहीत.

कोथिंबीर_जुडी
शाकाहारी लोक काय खातात तिकडे? सिरियसली विचारतेय, जुलैत जायचंय, नवरा सायकल आणि मी पण सायकल (मी ई-).

पंक्चरपुराण
ऑम्लेट, बकरीच्या चीजचं गरम सॅलड, पाव, पीच, टोमॅटो. भाजीच्या सूपमध्ये पण बेकनचे तुकडे निघू शकतात, विचारून घ्या. बऱ्याच गावांत आता पावाचं एटीएम असतं, नाणी टाकली की बागेत पडतं (बागेत म्हणजे बगेत, काठीसारखा पाव, ऑटोकरेक्ट 🤦). बेकरी बंद असली तरी तिथे काम होतं. आणि काहीही मागायच्या आधी बोंजूर म्हणा, नाहीतर दुकानदार तुम्हाला बघतच नाही.

सिंहगड_सिंगलगियर
मेतकूट न्या ताई. मेतकूट + बगेत + बटर. पेटंट माझं.

कोथिंबीर_जुडी
ई. पण नेते.

बेडफर्डचा_बंड्या
व्हाँतूचा डोंगर कुणीच नाही चढलं?? मग मीच. १९१० मीटर, बेदवँ गावातून २१ किमी, त्यात एकूण चढाई भरते १६०० मीटरच्या आसपास. सुरुवातीला द्राक्षमळ्यांतून हसत खेळत जातो माणूस, मग जंगल लागतं आणि तिथे ९-१० टक्क्यांचा चढ सुरू होतो तो संपतच नाही, वारा नाही, माश्या तेवढ्या तोंडाभोवती, वेग इतका कमी की माशीला पण दमायचं कारण नाही. शाले रेनार नावाच्या थांब्याला पाणी भरलं की पुढे सहा किमी झाडच नाही, सगळे पांढरे दगड, आणि मिस्त्राल (तिकडचा जोराचा वारा) सुटला असेल तर सायकल अक्षरशः बाजूला ढकलतो. वर पोचायच्या दीडेक किमी आधी ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसनचं स्मारक आहे, १३ जुलै १९६७ ला टूर द फ्रान्समध्ये तिथेच पडून गेला तो. लोक टोप्या, बाटल्या ठेवतात. मी थांबलो, थांबायचं कारण श्रद्धांजली होती असं सगळ्यांना सांगतो.

सल्ला: पहिल्यांदा जात असाल तर सो गावाकडून चढा, लांब आहे पण सोपं, जुलैत खाली लॅव्हेंडर फुललेलं असतं. आणि वर विंडचीटर हवाच, खाली ३५ डिग्री असलं तरी. उतरताना ब्रेक धरून बोटं आखडतात.

धायरीचा_धुमकेतू
बंड्या सेठ 🔥 तीन बाजूंनी एकाच दिवशी करतात लोक, त्याचा प्लॅन असेल तर बोला.

बेडफर्डचा_बंड्या
घरून एका बाजूचीच परवानगी मिळते.

नाशिकचा_निवांत
मला कौतुक गाडीवाल्यांचं. गावाबाहेर सायकलला ओव्हरटेक करताना दीड मीटर अंतर सोडायचा नियमच आहे तिथे आणि बहुतेक लोक पाळतात, वळणावर तर मागे शांतपणे येत राहतात, हॉर्न नाही काही नाही. पहिल्या दिवशी मलाच टेन्शन, मी बाजूला होऊन हात करून त्यांना जा म्हणतोय, ते मला जा म्हणतायत, लखनौ झालं. मात्र गावात उजवीकडून येणाऱ्याला प्राधान्य, बोर्ड नसेल तर बोळातून ट्रॅक्टर बिनधास्त बाहेर येतो आणि हक्क त्याचाच असतो. चौकात उजवीकडे मान वळवायची सवय लावा. रात्री गावाबाहेर रिफ्लेक्टिव्ह जॅकेट पण कम्पल्सरी.

रानवारा
आमच्याकडे दीड मीटरमध्ये दोन रिक्षा आणि एक भेळवाला बसतो.

मनुताई
क्लुनीच्या पुढे माकोंकडे गेलं का कुणी? तिथे ब्वा क्लेरचा रेल्वेचा बोगदा आहे, १६०० मीटर, दिवे आहेत पण भर उन्हाळ्यात आत फ्रीज. थंडीत बंद असतो, वटवाघळं झोपतात म्हणून. मला तर हे इतकं आवडलं!! पाखरांच्या झोपेसाठी रस्ता बंद. तेव्हा डोंगरावरून वळसा घालावा लागतो. आम्ही मे मध्ये होतो, लेक आत शिरल्यावर "आज्जीच्या माठासारखा वास" म्हणाली.

गोडबोल्या
वटवाघूळ पाखरू नाही, सस्तन प्राणी आहे. (पळतो)

मनुताई
आला मास्तर.

कोथिंबीर_जुडी
ट्रेनमध्ये सायकलचं काय करतात? घडी करावी लागते का?

पंक्चरपुराण
लोकल म्हणजे टेईआरमध्ये बहुतेक ठिकाणी अशीच चढवता येते, फुकट, हुकला टांगायची. उन्हाळ्यात काही मार्गांवर रिझर्व्हेशन लागतं ते बघून घ्या. टेजेव्हेत (वेगवान लांब पल्ल्याच्या गाडीत) मात्र सायकलची जागा आधी बुक करायची, आणि सगळ्या गाड्यांत ती सोय नसते. हुक उंच असतो, सामान आधी काढा.

कोथिंबीर_जुडी
आणि ई-बाईक इथून नेता येते का विमानात?

बेडफर्डचा_बंड्या
बॅटरी नेता येत नाही, मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात चालतच नाही. तिथेच भाड्याने घ्या. साधी सायकल बॉक्समध्ये जाते पण मागच्या वेळी माझं मागचं डीरेलर हँगर (गियर बदलणारा भाग जिथे अडकवतात तो तुकडा) वाकून आलं, तेव्हापासून एक स्पेअर पाकिटात ठेवतो. प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं, तिकडच्या गावातल्या दुकानात मिळेल या आशेवर राहू नका.

कोथिंबीर_जुडी
@सरूआजी भाड्याच्या बाईकला मागे कॅरिअर होतं का? नवऱ्याची बॅग माझ्याच बाईकवर येणार असं दिसतंय. चढ आला तर नवरा पण.

सरूआजी
कॅरिअर भक्कम होतं, दोन्ही बाजूंना पिशव्या लागतात. बॅग घे. नवऱ्याला चालव म्हणावं. आणि चार्जर विसरू नको, मी विसरले नव्हते पण मुलगा विसरला.