गावच्या घरातले आजारी जनावर आणि परदेशातून पाठवलेला पैसा

विषय: गुहागरच्या घरी कुत्रा आजारी आहे, सल्ला हवा आहे

मंडळातील सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

माझे माहेर गुहागर तालुक्यातील एका वाडीत आहे. आईबाबा दोघेही सत्तरी ओलांडलेले असून त्यांच्या सोबतीला घरात मोत्या नावाचा गावठी कुत्रा आहे. गेले काही दिवस त्याने खाणे जवळजवळ सोडले आहे, अंगात ताप असतो, हिरड्या पांढऱ्या पडल्या आहेत आणि लघवीचा रंग गडद तपकिरी झाला आहे. गावाजवळच्या जनावरांच्या दवाखान्यातून त्याला इंजेक्शने दिली गेली. त्यानंतर एकदोन दिवस तो उठून पेज खातो आणि पुन्हा पडवीच्या कोपऱ्यात जाऊन पडतो.

मी इकडे ब्रिटनमध्ये आहे. येथेही पाळीव प्राण्यांच्या उपचारांचे दर इतके वाढले आहेत की २०२४ मध्ये स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने या व्यवसायाची औपचारिक चौकशी सुरू केली. तरीही येथे विमा उतरवता येतो, आणि ज्यांची ऐपत नाही त्यांच्यासाठी १९१७ पासून काम करणाऱ्या पीडीएसएसारख्या धर्मादाय संस्था आहेत. गावी यातले काही नाही. गाडी करून मोत्याला मुंबईला परळच्या जनावरांच्या पेटिट रुग्णालयात न्यावे असे माझ्या मनात आहे आणि पैसे पाठवण्याची माझी तयारी आहे. परंतु बाबांना ते पटत नाही. स्वतःच्या गुडघ्यांवर खर्च नको म्हणणारा माणूस कुत्र्यासाठी मुंबईची गाडी कशी करील, असे ते विचारतात. आणि आई सांगते की तेच रात्री उठून कंदील घेऊन त्याच्याजवळ जाऊन बसतात. किती खर्च करावा, कुठे करावा, आणि इतक्या लांबून मी नेमके काय करू शकते, याबद्दल जाणकारांनी कृपया लिहावे.

आपली,
गुहागरची एक माहेरवाशीण


प्रत्युत्तर १

ताई, सप्रेम नमस्कार.

पशुधन विकास अधिकारी म्हणून माझी बहुतेक नोकरी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत झाली. निवृत्तीनंतर काही महिने परदेशात मुलाकडे असतो, म्हणून मंडळाची ही पत्रयादी वाचतो. पत्रावरून निदान करता येत नाही हे आधीच स्पष्ट करतो. मात्र आपण लिहिलेली लक्षणे गोचिडी चावल्याने होणाऱ्या गोचीडतापाशी जुळतात आणि आपल्या भागात तो कुत्र्यांच्या मृत्यूचे एक मोठे कारण आहे.

गोचीडताप या एका नावाखाली निरनिराळे आजार येतात, आणि खर्चाचा सारा प्रश्न तिथेच अडतो. एर्लिकिया नावाचा जिवाणू पांढऱ्या पेशींत शिरतो. त्यात प्लेटलेट्स उतरतात आणि कधी नाकातून रक्त येते. बबेसिया हा परजीवी तांबड्या पेशी फोडतो. त्यातून सुटलेले हिमोग्लोबिन लघवीवाटे जाते, म्हणून तिचा रंग गडद होतो आणि हिरड्या पांढऱ्या पडतात. पहिल्यावर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक चालते, जे स्वस्त आहे, पण सुमारे २८ दिवस न चुकता द्यावे लागते. दुसऱ्यातही दोन जाती आहेत. मोठ्या जातीवर इमिडोकार्बचे इंजेक्शन लागू पडते. बबेसिया गिब्सोनाय ही लहान जात त्याने नीट जात नाही. तिच्यासाठी अॅटोव्हाक्वोन आणि अॅझिथ्रोमायसिन अशी महागडी जोडी किंवा तीनचार औषधांचे मिश्रण द्यावे लागते. म्हणजे कोणता जंतू आहे हे न पाहता दिलेले औषध स्वस्त असले तरी वाया जाऊ शकते. ताप उतरवणारे इंजेक्शन तर केवळ ताप उतरवते, जंतू रक्तात तसाच राहतो. मोत्या एकदोन दिवस उठतो आणि पुन्हा पडतो, त्याचा अर्थ हा असू शकतो.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, पहिला खर्च गाडीवर करू नये, रक्ताच्या काचपट्टीवर करावा. कानाच्या टोकाला सुई टोचून आलेल्या थेंबाची काचेवर पातळ पट्टी ओढायची आणि ती हवेत वाळवायची. काचपट्टीला बर्फ लागत नाही, ती कागदात गुंडाळून चिपळूणला जाणाऱ्या कोणाच्याही हाती देता येते आणि कुत्र्याला हलवावे लागत नाही. नळीतले रक्त मात्र थंड ठेवून लवकर पोचवावे लागते. तालुक्याच्या गावातील माणसांच्या लॅबमध्ये हिमोग्लोबिन पाहून घेता येते, तेवढ्यावर रक्त किती उतरले याचा अंदाज येतो; परंतु तिथल्या यंत्राने मोजलेल्या पेशींच्या आकड्यांवर विसंबू नये, कारण ती यंत्रे माणसाच्या पेशी धरून लावलेली असतात. या दोन्ही तपासण्यांचा खर्च शेकड्यांत असतो, हजारांत नव्हे.

दुसरे असे की, आईबाबा ज्या दवाखान्यात गेले तो कोणत्या श्रेणीचा आहे हे विचारून घ्या. श्रेणी १ च्या दवाखान्यात पदवीधर पशुवैद्यक असतो. श्रेणी २ च्या दवाखान्याचे काम बहुधा पदविकाधारक सहकारी पाहतात. गाईगुरांच्या बाबतीत त्यांचा हात अनुभवी असतो, पण कुत्र्याच्या रक्ताच्या आजारात त्यांच्याकडून अपेक्षा करणे त्यांच्यावरही अन्याय आहे. १९६२ या क्रमांकावर बोलावले जाणारे फिरते पथकही मुळात पशुपालकांच्या जनावरांसाठी आहे, ते मोत्यासाठी येईल असे गृहीत धरू नका. गुहागरहून चिपळूण साधारण ४५ किलोमीटर आहे. तिथे कुत्र्यामांजरांवर उपचार करणारा पदवीधर शोधून त्याच्याशी आपण स्वतः फोनवर बोलावे. हे काम लांबून उत्तम करता येते आणि आईबाबांना तेच सर्वांत अवघड जाते.

परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि त्याच आवारातील १८८६ सालापासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय यांच्याबद्दल मला आदर आहे. परंतु रक्त उतरलेल्या कुत्र्याला उन्हाचे सात-आठ तास गाडीत बसवणे हाच त्याच्यावर मोठा ताण असतो, आणि रेल्वेने न्यायचे तर पहिल्या वर्गाचा स्वतंत्र कूपे न मिळाल्यास मालडब्यातील पेटीत ठेवावे लागते, ते याहून वाईट. रक्त चढवण्याची वेळ आली तरच तो प्रवास करावा. निरोगी कुत्र्यात तांबड्या पेशींचे प्रमाण साधारण ३७ ते ५५ टक्के असते; ते १५ ते २० टक्क्यांच्या खाली गेले की रक्त देण्याचा विचार करतात. कुत्र्याला पहिल्यांदा रक्त देताना बहुधा अडचण येत नाही, आणि पंचवीस किलोंहून जड, निरोगी, लस टोचलेला कुत्रा रक्तदाता होऊ शकतो. वाडीत असा कोणाचा कुत्रा असेल तर विचारून ठेवावे.

एक सावधगिरी आजपासूनच घ्यायला हवी. पिवळेपणा आणि गडद लघवी लेप्टोमध्येही (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसमध्ये) दिसते, आणि कोकणात पावसाळ्यात भातखाचरांत काम करणाऱ्या माणसांनाही तो होतो. निदान होईपर्यंत मोत्याची लघवी साफ करताना आईबाबांनी रबरी हातमोजे घालावेत, जागा ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवावी आणि पायाला जखम असल्यास अनवाणी जाऊ नये. घरातली वेदनाशामक गोळी त्याला देऊ नये. आयब्युप्रोफेन कुत्र्याला घातक आहे, आणि मांजराचा जीव जायला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही पुरते. डॉक्सिसायक्लिन सुरू झाले तर ते दुधातून देऊ नये, कारण दुधातल्या कॅल्शियममुळे औषध कमी शोषले जाते; भाताच्या गोळ्यात घालून द्यावे आणि वर पाणी पाजावे.

आता ज्याच्यावर कोणी पैसे खर्च करत नाही ते सांगतो. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड आयुष्यात तीन वेळा रक्त पिते आणि प्रत्येक वेळी अंगावरून खाली उतरते. मादी शेवटी कुठल्यातरी सांदीत जाऊन काही हजार अंडी घालते. आपल्या घरांच्या जांभ्याच्या भिंती छिद्राळ असतात, पडवीत लाकडे आणि गोणपाट रचलेले असतात. गोचिडीला याहून सोयीची जागा नाही. कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिड्या वेचल्या तरी घरात त्याच्या कितीतरी पट उरतात. म्हणून उपचार सुरू होतील त्याच आठवड्यात भिंतींच्या सांदी, खळ्याची कड आणि त्याची झोपायची जागा यांवर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने फवारणी करावी. फ्लुरालानरसारखी गोळी एकदा दिली की सुमारे १२ आठवडे गोचिड्यांपासून संरक्षण मिळते. तिची किंमत ऐकून गावाकडची माणसे मागे सरतात, पण गोचीडतापाच्या एका आजारपणाशी तुलना करून पाहा. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर मात्र ही गोळी देण्यापूर्वी डॉक्टरांना ते सांगितलेच पाहिजे.

बाबांचे म्हणणे मला कंजूषपणाचे वाटत नाही. गाडी ठरवणे, कुत्र्याला उचलून ठेवणे, दिवसभर ताटकळणे आणि परत येऊन महिनाभर वेळेवर गोळ्या देणे हे सारे त्यांच्याच अंगावर पडणार आहे. तो खर्च पैशात दिसत नाही, म्हणून आपण परदेशातून हिशेब करताना तो धरत नाही. आपण रक्कम पाठवा, परंतु त्याआधी त्यांना विचारा की त्यांच्याकडून किती होईल. वाडीतला एखादा धडधाकट मुलगा या कामासाठी पैसे देऊन ठरवता आला, तर मोत्याच्या उपचारांवर केलेला तो सर्वांत चांगला खर्च ठरेल.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक


प्रत्युत्तर २

सर्वांना नमस्कार.

डॉक्टरकाकांचे पत्र मी दोनदा वाचले आणि आमच्या मालवणच्या घरीही फोनवरून वाचून दाखवले. आमच्याकडे वहिनीची मांजर आहे, वय झालेली. तिची मूत्रपिंडे निकामी होत चालली आहेत असे निदान झाले आहे. आम्ही भावंडे तिघे तीन देशांत असून तिघांनीही आपापल्या परीने उपाय सुचवले: एकाने गोव्याला न्या म्हटले, दुसऱ्याने कोल्हापूरला. रोज तिला उचलून घेणारी वहिनी मात्र गप्प होती. शेवटी ती एवढेच म्हणाली की, तिला घाट चढवून कुठे नेऊ नका, घरी काय करता येईल ते सांगा.

मला वाटते, पैसे देणाऱ्याने निर्णयही आपलाच समजू नये. जनावर ज्याच्या हातून खाते, त्याचे म्हणणे आधी ऐकले पाहिजे. काकांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. घरी करण्यासारखे खरोखर काही असते का? आणि वेळ आलीच, तर इंजेक्शन देऊन शांत करणे आपल्याकडे रीतसर होते का, की त्याबद्दल बोलायचेच नसते?

आपला,
मालवणकर


प्रत्युत्तर ३

सप्रेम नमस्कार.

ताईंनी काल कळवले की काचपट्टीत बबेसिया दिसला आणि चिपळूणच्या डॉक्टरांनी तो मोठ्या जातीचा असल्याचे सांगितले. हे ऐकून फार बरे वाटले, कारण त्यावरचे औषध आवाक्यातले आहे. तरीही एर्लिकिया सोबत असण्याची शक्यता लक्षात घेऊन त्यांनी डॉक्सिसायक्लिनही सुरू केले असल्यास ते मध्येच थांबवू नये. कुत्रा चौथ्या-पाचव्या दिवशी खाऊ लागतो आणि घरची मंडळी गोळ्या बंद करतात, असे मी नोकरीत पुष्कळ वेळा पाहिले आहे.

मालवणच्या वहिनींनी योग्य तेच मागितले. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात मांजराला कातडीखाली सलाईन देता येते. रिंगर लॅक्टेटची बाटली कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळते आणि ती महाग नाही. मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून सुई कशी घालायची हे पशुवैद्यकाने एकदा समोर दाखवले की बहुतेकांना जमते. किती आणि कितीदा द्यायचे हे मात्र त्यानेच ठरवावे, कारण हृदय कमजोर असेल तर जास्त पाणी अपाय करते. सुकी खारवलेली मासळी पूर्ण बंद करावी आणि पाण्याची भांडी घरात ठिकठिकाणी ठेवावीत. याने आजार बरा होत नाही, मांजराचे दिवस सुखाचे जातात. आणि तेवढे साधले तर तो पैसा सार्थकी लागला असे मी मानतो.

शांत करण्याबद्दल बोलायलाच हवे. ते रीतसर होते. नोंदणीकृत पशुवैद्यक भुलीच्या औषधाची मोठी मात्रा देऊन ते करतो आणि जनावराला वेदना होत नाहीत. बोलणे टाळल्यामुळे काही घरांतून जनावर लांबच्या सड्यावर सोडून दिले जाते किंवा त्याला विष घातले जाते. दोन्ही गोष्टी क्रूर आहेत आणि १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने गुन्हा आहेत. खाणे सुटले, उठून लघवीला जाता येईना, हात लावला की कण्हू लागले, अशी स्थिती टिकून राहिली तर डॉक्टरांना घरी बोलावण्याविषयी घरातल्यांनी आपसांत आधीच बोलून ठेवावे. त्या रात्री फोनवरून तीन देशांत चर्चा करण्याची वेळ येऊ देऊ नये.

विम्याबद्दल काही सभासदांनी खाजगीत विचारले आहे. भारतात कुत्र्यांचा विमा आता मिळतो, परंतु आधीपासून असलेला आजार त्यात धरत नाहीत आणि वयाची अट असते. लहान पिल्लू घरात आणले असेल तर अवश्य चौकशी करावी. वयस्क जनावरासाठी माझा सल्ला वेगळा आहे: हप्त्याएवढी रक्कम दर महिन्याला आईवडिलांच्याच नावाच्या वेगळ्या खात्यात टाकत जावी आणि पासबुक त्यांच्याकडेच ठेवावे, म्हणजे अडीअडचणीला चिपळूणची गाडी बोलावण्यापूर्वी त्यांना मुलांची परवानगी घ्यावी लागणार नाही.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक