गोळीने आकडी थांबली, जोडाक्षरं तशीच राहिली
'आकडी आटोक्यात आली की अभ्यास आपोआप सुधारतो' असं या चर्चेत दोघांनी लिहिलंय. अर्धंच पटलं. आमच्या मुलीची श्रुतलेखनाची वही अजून जपून ठेवलीय. तिसरीत असताना वाक्यांच्या मधलेच दोन-तीन शब्द गायब असायचे, पुढचं मागचं व्यवस्थित. बाई म्हणायच्या, लक्ष नाही, खिडकीबाहेर बघत बसते. ती बघत नव्हती, ते ॲबसन्स सीझर होते, म्हणजे अंग न झटकता नुसतं भान हरपणाऱ्या आकड्या, पाच-दहा सेकंदांच्या. ईईजीच्या (मेंदूच्या विद्युत लहरींच्या तपासणीच्या) वेळी जोरजोरात श्वास घ्यायला लावला आणि मशीनवर लगेच दिसलं. गोळ्या लागू पडल्यावर वहीतल्या मोकळ्या जागा भरल्या. पण 'प्रकाश'चं 'परकाश' आणि 'क्त'चा गोंधळ जसाच्या तसा! म्हणजे दुखणी दोन होती. वर्ष गेलं आमचं, गोळी वाढवून हवी का असं डॉक्टरांना विचारण्यात. (काही गोळ्यांनी उलट सुस्ती येते, हेही विचारून घ्या.)

म्हणून लेखन-वाचनाची चाचणी वेगळी करून घ्या, फिट थांबायची वाट बघू नका. अध्ययन अक्षमता (बुद्धी ठीक असूनही लिहिण्या-वाचण्यात येणारी अडचण) 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत आहे; एपिलेप्सीचं, म्हणजे आकडीच्या आजाराचं, तिथे नाव घेऊन वेगळं कलम नाही. त्यामुळे परीक्षेतल्या जादा वेळेसाठी निव्वळ फिट्सची फाईल घेऊन गेलात तर आमच्यासारखे सिंहगड रोडवरून दोनदा हेलपाटे घालाल.