फाइल तीच, मग बिल्ड पुन्हा का?

वॉचमन:
आमच्याकडे वेबपॅकसाठी (वेबसाइटचा कोड एकत्र बांधणारं, म्हणजे बिल्ड करणारं साधन) घरीच लिहिलेलं एक प्लगइन आहे. पेजेस फोल्डर चाळून ते सोर्समध्येच (मूळ कोडमध्येच) राउट्सची, म्हणजे कुठल्या पत्त्यावर कुठलं पान याची, फाइल लिहून ठेवतं. एकदा कंट्रोल-एस दाबलं की बिल्ड, परत बिल्ड, परत बिल्ड. पंखा विमानासारखा घोंघावतो. प्लगइन दर वेळी ती फाइल नव्याने लिहितं. मजकूर तोच, पण बदलाची वेळ नवी, आणि वॉचर (फाइल बदलली की बिल्ड सुरू करणारा) बघतो ती वेळच. माझं मत: आधी जुना मजकूर वाचा, सारखा असेल तर हात लावू नका. चार ओळींचं काम. वेबपॅक ५ आपलं आउटपुट लिहिताना हेच करतं, 'कम्पेअर बिफोर एमिट' मुळातच चालू असतं.

तिरकस:
ही मलमपट्टी झाली. यंत्राने लिहिलेली फाइल सोर्समध्ये हवीच कशाला? व्हीट, रोलअप या दुसऱ्या बिल्ड साधनांवाले व्हर्च्युअल मॉड्यूल (डिस्कवर नसलेली, मेमरीतच बनणारी फाइल) करतात: प्लगइनच्या 'रिझॉल्व्ह आयडी'त नाव पकडायचं, 'लोड'मध्ये मजकूर द्यायचा. डिस्कवर काही नसेल तर वॉचरला दिसणार काय, कप्पाळ?

अर्धाकप:
मीही हेच सांगत फिरायचो. मग प्रोजेक्टमध्ये टाइपस्क्रिप्ट (टाइप तपासणारी जावास्क्रिप्ट) आलं. एडिटरला ते मॉड्यूल सापडेना, इम्पोर्टखाली लाल रेघा.

तिरकस:
एक 'डिक्लेअर मॉड्यूल' (असं मॉड्यूल आहे, अशी टाइपस्क्रिप्टसाठी घोषणा) हाताने लिहा, विषय संपला.

अर्धाकप:
राउटचं नाव चुकलं तर टाइपस्क्रिप्टने ओरडावं, यासाठी तर खटाटोप. म्हणजे टाइप्सची फाइल यंत्रानेच लिहायची, ती डिस्कवरच जाणार. वॉचमनशी सहमत.

नवखा७:
वॉच ऑप्शन्सच्या (वॉचरच्या सेटिंगच्या) 'इग्नोर्ड'मध्ये, म्हणजे दुर्लक्ष करायच्या यादीत, ती फाइल टाकली की झालं ना?

वॉचमन:
नको रे बाबा. मग राउट्स खरंच बदलले तरी त्या फाइलमुळे बिल्ड सुरू होणार नाही. नवं पान टाकायचं आणि ते दिसत का नाही म्हणून डोकं खाजवत बसायचं. जास्तीचं बिल्ड परवडलं.

वॉचमन:
अपडेट. तुलना घातली, तरी चक्र सुरूच! तासभर शोधल्यावर फाइलच्या पहिल्या ओळीत सापडलं: 'तयार केल्याची वेळ', सेकंदासकट. कुणी घातली होती? मीच. ती काढली, फाइलनावंही सॉर्ट करून घेतली, कारण क्रम हलला तरी मजकूर बदलतोच. आता एका सेव्हला एकच बिल्ड. फक्त विंडोजवाल्या सहकाऱ्याकडे ब्रँच (कोडची शाखा) बदलली की एक जादा होतं. गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) फाइल उतरवताना ओळींच्या शेवटी सीआरएलएफ (विंडोजची ओळ संपल्याची खूण) घालतं, प्लगइन नुसतं एलएफ लिहितं, म्हणून मजकूर वेगळा ठरतो.

तिरकस:
थांबा, थांबा. ती फाइल गिटमध्येही आहे?

वॉचमन:
...हो.