फ्लॅटमध्ये गिटार अ‍ॅम्पच्या स्वच्छ आवाजासाठी व्ही१ मध्ये (पहिल्या ट्यूबच्या जागी) कोणती ट्यूब?

घोडबंदर_गिटार
नमस्कार मंडळी. माझ्याकडे १५ वॅटचा सेकंडहँड ट्यूब अ‍ॅम्प आहे. प्रीअ‍ॅम्पच्या छोट्या ट्यूब तीन १२एएक्स७ (व्ही१ ते व्ही३), पॉवर ट्यूब दोन ईएल८४. कासारवडवलीला नवव्या मजल्यावर राहतो, शेजारी तान्हं बाळ आहे, त्यामुळे व्हॉल्यूम (प्रीअ‍ॅम्पचा) ५ आणि मास्टर (शेवटच्या आवाजाचा) १ असं वाजवतो. आवाज लगेच फाटतो. मी रात्री भावगीतांच्या चाली कॉर्डसकट बसवतो, त्याला गोल, स्वच्छ आवाज हवाय. तिन्ही ट्यूब चांगल्यातल्या मागवू का? बायसिंग, म्हणजे ट्यूबचा करंट जुळवणं, करावं लागेल का?

नेरूळ_ब्लूज
तिन्ही नको, फक्त व्ही१ बदल. बायसिंग पॉवर ट्यूबना बघावं लागतं, या छोट्या ट्यूबना नाही. आणि आधी मास्टर वर घे, व्हॉल्यूम २ वर आण, तू उलटं ठेवलंयस. तरीही फाटलं तर १२एवाय७ लाव. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या ट्वीड फेंडर डिलक्समध्ये पहिल्या जागी तीच असायची.

नौपाडा_व्हॉल्व्ह
बाळा, काही मागवण्याआधी एक पेन्सिल घे. मी चाळीस वर्षं रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त केले, ट्यूबला तोंडात अजून व्हॉल्व्हच येतं.

अ‍ॅम्प बंद असताना व्हॉल्व्हवरच्या शील्ड काढ. मग चालू कर आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने एकेकावर हळूच टिचकी मार. पहिल्यातून टकटक येणारच, कारण त्याचा आवाज पुढच्या सगळ्या टप्प्यांतून मोठा होत जातो. पण घंटेसारखं घुमत राहिलं किंवा शिट्टी वाजली तर तो मायक्रोफोनिक झालाय, म्हणजे धक्क्यांचाही आवाज पकडतो. तो छोट्यांतल्या शेवटच्या जागी, पॉवर ट्यूबच्या आधीच्या फेज इन्व्हर्टरला (व्ही३) लाव आणि तिथला पुढे आण. मागे गेल्यावर असे कित्येक व्हॉल्व्ह पुढे वर्षानुवर्षं चाललेले मी पाहिलेत.

आता तुझा प्रश्न. प्रवर्धनांक म्हणजे व्हॉल्व्ह सिग्नल किती वाढवू शकतो ते; तो कमी तितका आवाज उशिरा फाटतो. १२एएक्स७ चा १००, ५७५१ चा ७०, १२एवाय७ चा ४५ च्या आसपास, १२एयू७ चा जेमतेम २०. पिनांची जुळणी सगळ्यांची एकच. १२एटी७ चा ६०, म्हणून तो मधला पर्याय वाटतो, पण तो जास्त करंटवर चालायला बनवलाय. १२एएक्स७ साठी बसवलेल्या रेझिस्टरांवर त्याचा आवाज मला नेहमी कोरडा लागला. तू ५७५१ घे. नेरूळकरांचं चूक नाही, पण गिटारला सिंगल-कॉइल (कमी जोराचा सिग्नल देणारे) पिकअप असतील तर १२एवाय७ वर अ‍ॅम्प झोपल्यासारखा वाटेल.

काढताना प्लग उपटून दहा मिनिटं थांब, काच चांगलीच भाजते. चॅसी (आतली धातूची पेटी) उघडायची नाही, कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही जीवघेणा व्होल्टेज राहतो. आणि हे नीट लक्षात ठेव: ईएल८४ लाही नऊच पिना असतात, ती प्रीअ‍ॅम्पच्या सॉकेटात सहज बसते. घाईत तिथे लावू नकोस. एकेकच काढ, एकेकच बसव.

खाडीच्या दमट हवेत पिना काळवंडतात. कॉन्टॅक्ट क्लीनर पिनांना लाव, सुकू दे, मग दोन-तीनदा सॉकेटात आत-बाहेर कर.

घोडबंदर_गिटार
काका, तुम्ही सांगितलंत तसंच केलं. व्ही१ वर टिचकी मारली तर स्टीलच्या पेल्यासारखी घुमली. तिला व्ही३ मध्ये पाठवली, घुमणं थांबलं. पिना पुसल्या तेव्हा कापूस काळा झाला. मास्टर ४, व्हॉल्यूम २ वर आता मंद्रातले कॉर्ड सुटे ऐकू येतात. जोरात छेडलं की अजून थोडं फाटतं, गिटार सिंगल-कॉइलचीच आहे. एक ५७५१ मागवतोय.

नौपाडा_व्हॉल्व्ह
उत्तम. ५७५१ आली की व्ही१ मधून निघेल ती १२एएक्स७ धडधाकट आहे, कागदात गुंडाळून खोक्यावर तारीख लिही. व्ही३ मधली कधी कुरकुरली तर हीच लावायची.