डिकीतली टाकी आणि बॅलन्स

गाडीची पेट्रोलची टाकी डिकीत नेली की मागे वजन वाढून बॅलन्स सुधारतो, असं म्हणतात, पण ते अर्धंच खरं आहे. ४० लिटर पेट्रोल म्हणजे साधारण ३० किलो. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २.४ मीटर आणि टाकी मागच्या अ‍ॅक्सलच्या अर्धा मीटर मागे असेल, तर मागच्या चाकांवर ३६ किलो वाढतात आणि पुढचे ६ किलो उचलले जातात. फुल टाकीला वळणावर मागची बाजू सुटली की आवरत नाही आणि पेट्रोल संपत आलं की तीच गाडी अंडरस्टिअर करते, म्हणजे स्टिअरिंग फिरवलं तितकी वळत नाही. सेटिंग नेमकं कशावर करणार, भरल्या टाकीवर की रिकाम्या? टाकी मागच्या सीटखाली, अ‍ॅक्सलच्या पुढे आणि जमेल तितकी खाली बसवा. ड्रायव्हर बसवून, अर्ध्या टाकीवर चारही चाकांवरचं वजन घ्या.

रुंद, उथळ टाकीत लांब वळणावर पेट्रोल एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि इंजिन खोकतं. त्यासाठी आत पेट्रोलची हालचाल रोखणारे बॅफल (आडवे पत्रे) नि फोम, शिवाय लिटर-दीड लिटरचा स्वर्ल पॉट, म्हणजे पंपाला सतत पेट्रोल मिळावं म्हणून ठेवलेला छोटा डबा, हवाच. फक्त तो इंजिनजवळ नको. नागपूरच्या मे महिन्यात, ४५ डिग्रीत, इंजिनकडून परत येणारं गरम पेट्रोल त्या छोट्या पॉटमध्येच फिरत राहिलं की वाफ धरते आणि प्रेशर पडतं.