आरोग्य व्यवस्था चांगली की वाईट हे ठरवतात कसं?

चौकस:
मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. अमुक देशाची आरोग्य व्यवस्था एक नंबर, तमुक देशाची बेकार असं सगळेच म्हणतात, पण कुठे सरकार स्वतः दवाखाने चालवतं, कुठे विमा, कुठे दोन्हीची सरमिसळ, मग तुलना करतात कशी? अमेरिकेत जीडीपीच्या जवळपास १७ टक्के खर्च आरोग्यावर होतो आणि तरी आयुर्मान बाकीच्या श्रीमंत देशांपेक्षा कमी, हे कसं काय?

सांजवारा:
ढोबळमानाने सांगते. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात १८८३ ला कामगारांचा आजारपणाचा विमा सुरू झाला, पैसे कामगार आणि मालक दोघांनी भरायचे. ब्रिटनमध्ये १९४२ चा बेव्हरिज रिपोर्ट (सगळ्यांना सामाजिक सुरक्षा द्या असं सुचवणारा सरकारी अहवाल) आणि मग ५ जुलै १९४८ ला एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्य सेवा, तिथे पैसा मुख्यतः करातून येतो. कॅनडात विमा सरकारी पण डॉक्टर बहुतेक खाजगी. पण पैसा गोळा कसा होतो यावरच सगळे भांडत बसतात, तो पुढे डॉक्टरच्या हातात कुठल्या हिशोबाने पडतो ते कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

जुनाबिलवाला:
+१. मी सहा वर्षं हॉस्पिटलच्या बिलिंगला होतो. प्रत्येक गोष्टीचे वेगळे पैसे असले की पेशंटची फाइल जाडच होत जाते, सुई वेगळी, ग्लोव्हज वेगळे, परवाच केलेली रक्ततपासणी आज परत, आणि दुपारी घरी जाऊ शकणारा माणूस "उद्या सकाळी बघू" म्हणून अजून एक रात्र थांबतो. डॉक्टर वाईट असतात असं मुळीच नाही हो, पण जास्त केलं की जास्त मिळतं म्हटल्यावर हात तिकडेच वळतो.

म्हणून अमेरिकेच्या मेडिकेअरने (मुख्यतः ६५ च्या पुढच्या लोकांचा सरकारी विमा) १९८३ पासून आजाराच्या गटानुसार ठरलेली रक्कम द्यायला सुरुवात केली. मग मुक्काम कमी झाला, लवकर घरी पाठवलं की हॉस्पिटलचाच फायदा ना. पण मग घाईने सोडतायत का ही भीती आली आणि पुढे २०१२ पासून ठरावीक आजारांचे पेशंट ३० दिवसांत परत ॲडमिट होण्याचं प्रमाण जास्त असलं तर पैसे कापायला लागले. माणशी वर्षाला ठरावीक रक्कम दिली तर अजून वेगळीच भीती, ज्याला जास्त आजार तो नकोसा होतो. म्हणजे पैसे द्यायची प्रत्येक पद्धत कुठेतरी चुकीकडे ढकलतेच, त्यामुळे बरेच देश आता मिसळून वापरतात.

चौकस:
हे कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं, थँक्स. पण मग मोजायचं काय?

सांजवारा:
उपचारांचा दर्जा कसा मोजायचा याचा अभ्यास करणारे डॉक्टर डोनाबेडियन, त्यांनी १९६६ मध्ये तीन गोष्टी मांडल्या त्या अजून वापरतात: साधनं काय आहेत, उपचार कसे होतात, आणि शेवटी पेशंटचं काय झालं. डब्ल्यूएचओने २००० साली १९१ देशांची क्रमवारी लावली, फ्रान्स पहिला, अमेरिका ३७ वी, त्यावर इतकी टीका झाली की परत तशी यादी काढलीच नाही. नुसत्या आयुर्मानावर जाऊ नका, त्यात बंदुका, रस्ते, खाणंपिणं सगळं येतं. वेळेवर उपचार मिळाले असते तर टळले असते असे मृत्यू किती, हा आकडा जास्त बोलका. आणि आकड्याचं टार्गेट केलं की घोळ होतो, इंग्लंडमध्ये इमर्जन्सीत चार तासांच्या आत निकाल लावायचा असा नियम आल्यावर चार तास भरायच्या अगदी आधीच्या मिनिटांत पेशंट हलवायची झुंबड उडायची, आलेख काढला तर तिथे सुळका दिसतो.

जुनाबिलवाला:
यात एक गोष्ट सुटते. आमच्या खिडकीशी लोक यायचे, ऑपरेशनचा अंदाजे खर्च विचारायचे, मी कागदावर लिहून द्यायचो, ते दोनदा वाचायचे, चार घड्या करून खिशात ठेवायचे आणि जायचे. बरेच जण परत आलेच नाहीत. कुठल्याच रजिस्टरला त्यांचं नाव नाही, कारण ते ॲडमिटच झाले नाहीत. आमच्या हॉस्पिटलचे आकडे मात्र उत्तम.

चौकस:
मग हे लोक कुठेच मोजले जात नाहीत?

सांजवारा:
हॉस्पिटलच्या डेटात नाही. त्यासाठी घरोघरी जाऊन विचारावं लागतं, गेल्या वर्षभरात गरज असून डॉक्टरकडे गेला नाहीत असं झालं का आणि का नाही गेलात. असे सर्व्हे होतात, कुठल्याही देशाचा रिपोर्ट उघडलास तर आधी तो तक्ता शोध.